पोट हललं, तर गोळी लागू पडते

पोरी, परवा फोनवर तू सासऱ्यांच्या हाताच्या थरथरीबद्दलच विचारत राहिलीस. कंपवाताचं नाव ऐकलं की सगळ्यांचं लक्ष हाताकडेच जातं. थरथरीचं डॉक्टर बघतील. पोटाचं मात्र घरालाच बघावं लागतं, म्हणून ते मी सांगते. तुझ्या काकांचं हे दुखणं मी जेऊरच्या याच घरात अकरा वर्षं काढलं. जे उशिरा कळलं, ते तुला पहिल्या दिवशीच कळावं.

आधी मनातून एक काढून टाक. पोट साफ न होणं हा आळस नाही, हट्ट नाही, तुझ्या स्वयंपाकाचा दोषही नाही. तो आजाराचाच भाग आहे. ज्यांच्या नावानं हा आजार ओळखला जातो, त्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 सालच्या निबंधातच आतडी मंद झाल्याचं लिहून ठेवलंय. मेंदूत जे प्रथिन साठतं, तेच आतड्याच्या नसांमध्येही सापडतं, त्यामुळे आतडं हळू सरकतं. पुष्कळांना हा त्रास थरथर दिसायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो. काका रेल्वेत होते. स्टेशनवरच्या रात्रपाळ्या आणि अवेळी जेवण यांना आम्ही वर्षानुवर्षं दोष देत राहिलो.

आजच एक शंभर पानी वही घाल. रोज चारच गोष्टी लिहायच्या: शौच झालं का, कडक की मऊ, गोळी किती वाजता घेतली आणि अंग किती वाजता मोकळं झालं. महिनाभरात आमच्या वहीत स्पष्ट दिसलं, की तीन दिवस पोट तुंबलं की सकाळी आठच्या गोळीला दहा वाजले तरी अंग सुटायचं नाही. कंपवाताची ही लेवोडोपाची गोळी लहान आतड्यात शोषली जाते. जठर आणि आतडं मंदावलं की ती वाटेतच रेंगाळते. आम्ही गोळी कमी पडते म्हणत होतो आणि वही पोटाकडे बोट दाखवत होती. तीच वही घेऊन आम्ही गाडीनं पुण्याला गेलो आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा पोटाचं औषध नीट लावलं.

गोळी पाण्याबरोबर द्यायची, जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं. दूध, दही, डाळ, अंडं यांतली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून एकाच दारानं आत जातात, म्हणून एकत्र दिली तर गोळी मागे पडते. लोहाची गोळीही तिच्यापासून लांब ठेव. रिकाम्या पोटी मळमळलं तर डॉक्टरांना विचारून साधं बिस्किट दे, दूध देऊ नकोस.

आता दह्याचं आणि त्या जिवाणूंच्या कॅप्सूलचं, म्हणजे प्रोबायोटिकचं. लोक दोन टोकांचं बोलतात. कुणी म्हणेल कंपवात बरा होतो, कुणी म्हणेल सगळं थोतांड. दोन्ही ऐकू नकोस. इटलीत 120 कंपवाताच्या रुग्णांवर चार आठवडे अभ्यास झाला, तो 2016 साली छापला गेला. निवडक जिवाणू आणि तंतू घातलेलं आंबवलेलं दूध घेणाऱ्यांचं पोट जास्त वेळा साफ झालं. मलेशियात 72 जणांना जिवाणूंची कॅप्सूल किंवा तशीच दिसणारी बिनजिवाणूंची कॅप्सूल देऊन पाहिलं, तो अभ्यास 2021 सालचा. जिवाणूंची कॅप्सूल घेणाऱ्यांना आठवड्यात सरासरी एकदा जास्त शौच झालं, दुसऱ्यांना जेमतेम 0.3 वेळा जास्त. फायदा एवढाच आहे, आणि कुंथून घामाघूम होणाऱ्या माणसाला तो लहान नाही. पण त्यानं थरथर थांबत नाही आणि आजारही मागे फिरत नाही.

कॅप्सूल डॉक्टरांना विचारून, जिवाणूंचं नाव आणि संख्या छापलेली घे. ते जिवंत असतात, तेव्हा आपल्याकडच्या उन्हाळ्यात खिडकीत ठेवू नकोस आणि गरम चहादुधाबरोबर देऊ नकोस. अँटिबायोटिक चालू असेल तर मध्ये दोन तासांचं अंतर ठेव. कॅन्सरचं औषध किंवा स्टिरॉइड चालू असलेल्याला तर परस्पर देऊच नये. चार आठवडे देऊन वही बघ. फरक नसेल तर बंद कर, ते पैसे फळांना लाव.

घरचं दही कॅप्सूलची जागा घेत नाही, कारण त्यात कोणते जिवाणू किती आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं. तरी ते सोडू नकोस. दूध उकळून बोट सुखानं बुडेल इतकं निवू दे, चमचाभर विरजण लाव, मातीच्या गाडग्यात ओत. मे महिन्यात पाच-सहा तासांत लागतं, थंडीत गाडगं गोधडीत गुंडाळावं लागतं. लागलं की लगेच गार जागी ठेव, आंबट झालं की म्हातारं माणूस तोंड फिरवतं. कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात. चवीला कढी कर, पोटाला दही दे. आणि ठसका लागत असेल तर पातळ ताक नकोच. या आजारात गिळणंही मंदावतं आणि पातळ पदार्थ श्वासनळीत जायची भीती असते. घट्ट दही, ताठ बसवून, हनुवटी जराशी खाली, छोट्या चमच्यानं. काकांना एक वाटी दही संपवायला वीस मिनिटं लागायची. मी घाई केली नाही, तूही करू नकोस.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. शाळूची भाकरी आमटीत कुस्करून दे. रात्री भिजवलेल्या मनुका आणि अंजीर मऊ करून, शिवाय पपई. तुमच्या कंदर गावात केळ्यांची ददात नाही, पण पूर्ण पिकलेलंच दे. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसभरात सात-आठ भांडी पाणी. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय देऊ नकोस, आत गोळा होऊन अडकतं. गिळायला त्रास असेल तर ते नकोच. त्यापेक्षा पाण्यात विरघळणारी पावडर डॉक्टर देतात, ती बरी.

सकाळी न्याहारीनंतर अर्ध्या तासात आतडं आपसूक हलतं, ती वेळ चुकवू नका. कमोडवर बसवलं की पायांखाली जेवायचा पाट दे. गुडघे वर आले की मार्ग सरळ होतो. भिंतीला धरायला दांडा ठोकून घे.

एक गोष्ट काळजावर कोरून ठेव. काकांना उलट्या झाल्या तेव्हा एका दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. रात्रीपर्यंत अंग लाकडासारखं ताठरलं. लेवोडोपापासून मेंदूत जे डोपामिन बनतं, त्यालाच हे औषध अडवतं, म्हणून कंपवातात ते चालत नाही. त्याचं नाव कागदावर लिहून सासऱ्यांच्या खिशात ठेव. थरथरीच्या काही गोळ्यांनीही पोट आवळतं, पण त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. एरंडेलाचा मारा नको. खाजकुईरीच्या बियांत लेवोडोपाच असतो, म्हणून तीही परस्पर नको. पोट फुगून वारा सरेनासा झाला, उलट्या झाल्या किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी थांबू नका.

शेवटचं. सासरा सुनेला पोटाचं सांगत नाही, जीव गेला तरी. काकांनी तर मलाही चार दिवस सांगितलं नव्हतं. म्हणून वहीचं काम तुझ्या नवऱ्याकडे दे. रोज सकाळी त्यानं वडिलांजवळ बसून, जेवलात का विचारावं तितक्या सहज विचारावं. अकरा वर्षांत मी एवढंच शिकले, की ज्या दिवशी त्यांचं पोट हलकं, त्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी अंगणापर्यंत यायचे. उद्या सकाळी वहीत पहिली नोंद होऊ दे.