‘लाइट-पाणी सगळं धरून’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : येरवड्यात नोकरी लागली आहे. मेट्रोजवळ, लाइट-पाण्यासकट भाड्याचा वन बीएचके पुण्यात मिळेल का? एजंट ‘सगळं धरून’ म्हणतो.

उत्तर : मिळेल, पण एजंटच्या ‘सगळं’मध्ये बहुधा सोसायटीचा मेंटेनन्स आणि पाणी एवढंच असतं. उन्हाळ्यात टँकर लागले तर ते पैसे कोण भरणार, हे आधीच विचारा. विजेसकट भाडं मुख्यतः पीजीत किंवा बंगल्यातल्या खोलीत मिळतं, आणि तिथेही एसीचं बिल बहुतेक वेगळंच.

खरी मेख सामाईक मीटरमध्ये असते. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० युनिट असे टप्पे ओलांडताच चढतो. तीन बिऱ्हाडांचा वापर एकाच मीटरवर आला की तुमचा एक पंखाही वरच्या दराने फिरतो. म्हणून स्वतंत्र मीटर असलेला फ्लॅट घ्या आणि मालकाकडून एप्रिल-मेची जुनी बिलं मागा. सबमीटर असेल तर राहायला जाताना रीडिंगचा फोटो काढून ठेवा.

वनाज–रामवाडी मार्गावर येरवडा स्टेशन आहेच. तेव्हा आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप इथे घर शोधा; गाडी बदलावी लागणार नाही. स्वारगेटकडून येताना जिल्हा न्यायालय स्थानकात बदलावी लागते. जाहिरातीतली ‘पाच मिनिटं’ दुचाकीची असतात, तेव्हा संध्याकाळी स्वतः चालून बघा.

भाड्यात काय काय धरलंय ते करारात कलमवार लिहून घ्या. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार कराराची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे.