मामोना : ठेव कुणाकडे?

आजचं वाचन : मत्तय ६:२४-३४

दोन मालकांची चाकरी करता येत नाही, हे वचन आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावरून जातं. यावेळी मी मात्र एका शब्दापाशी अडकलो. मराठीत आपण 'धन' वाचतो, पण मूळ ग्रीक शुभवर्तमानात तिथे ग्रीक शब्द नाहीच. प्रभू येशूच्या रोजच्या बोलीतला, अरामी भाषेतला शब्द तसाच राहू दिलाय : मामोना.

मामोन म्हणजे पैशाचा सैतान, असं बऱ्याच जणांना वाटतं. ती कल्पना नंतरची. अरामीत हा अगदी व्यवहारातला शब्द आहे, पैसा, मालमत्ता एवढाच अर्थ. यहुदी कायद्यात पैशांच्या दाव्यांना याच शब्दावरून नाव पडलं.

तो आला कुठून? बऱ्याच अभ्यासकांचा कल 'आलेफ-मेम-नून' या धातूकडे आहे. अर्थ : पक्कं असणं, भरवसा ठेवणं. म्हणजे मामोना हे 'ज्यावर भरवसा ठेवला ते', किंवा 'भरवशाने सोपवलेलं ते'. आणि मित्रांनो, आपलं 'आमेन' याच धातूचं! अरबीतून मराठीत आलेले 'इमान' आणि 'अमानत' हेही त्याच कुळातले. लूक १६:११ मध्ये प्रभू धनाबद्दल विश्वासू असण्याविषयी आणि खरं धन सोपवण्याविषयी एकाच दमात बोलतो. अरामीत ऐकणाऱ्याला त्यात एकाच धातूचा नाद ऐकू आला असेल.

(ही भाषा आपल्याला तशी परकी नाही. १३२१ साली ठाण्यात आलेले फ्रान्सिस्कन धर्मबंधू ज्या ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले, ते पूर्वेकडच्या सिरियन परंपरेचं होतं. त्या परंपरेची उपासनेची भाषा सिरियाक, म्हणजे अरामीचीच लेक.)

मराठीतही बघा ना, पैसे 'ठेवतो' आणि विश्वासही 'ठेवतो'. क्रियापद एकच.

हे सगळं सुचायचं कारण घरातलं आहे. भुईगावात आमची केळीची छोटी वाडी आहे, आजोबांनी राखलेली. गेल्या महिन्यात एक एजंट येऊन गेला. पप्पा गप्प होते. "विकून टाकू या," असं मीच म्हणालो. माझं फ्लॅटचं कर्ज, रोजचा लोकलचा प्रवास, उद्याची काळजी. पैसे हातात आले की निर्धास्त होऊ, असं वाटलं. 'निर्धास्त' हा शब्द माझाच. आता तोच टोचतोय, कारण मामोनाकडून मी नेमकं तेच मागत होतो.

पण वाडी न विकणं म्हणजे देवावर भरवसा, असंही मला म्हणता येत नाही. जमीनसुद्धा मामोनाच. आजोबांनी ती सोपवली, म्हणजे अमानत, असं पप्पा मानतात. मी तिला सातबाऱ्यावरचा आकडा समजत होतो.

इसार अजून घेतलेला नाही. एजंट रविवारी मिस्सानंतर येणार आहे.

प्रार्थना : प्रभू, रविवारी इसारपावती टेबलावर येईल तेव्हा पप्पांच्या आणि माझ्या मध्ये येऊन बस. आमेन.