अध्यक्षांचा हुकूम आणि पोलादाचे कारखाने

अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे चार वर्षांपुरता निवडलेला राजाच, अशी आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. ती कितपत खरी आहे हें १९५२ सालच्या एका प्रकरणावरून चांगलें ध्यानांत येतें.

त्या देशाची राज्यघटना १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें रचली गेली. मध्यवर्ती सरकारांत कायदे करणें व पैसा मंजूर करणें हें काम काँग्रेसकडे, म्हणजे तेथील विधिमंडळाकडे, अंमल अध्यक्षाकडे, न्याय न्यायालयाकडे. तथापि ही वांटणी सर्वस्वीं तुटक नाहीं. काँग्रेसनें संमत केलेलें बिल अध्यक्षास नाकारतां येतें. परंतु दोन्ही सभागृहांनीं दोन-तृतीयांश मतांनीं तेंच पुन्हां संमत केल्यास अध्यक्षाचा इलाज चालत नाहीं. मजूरसंघांविषयींच्या टाफ्ट-हार्टले कायद्याचें १९४७ सालीं असेंच झालें. अध्यक्ष ट्रूमन यांनीं तो नाकारला, तरी तो झालाच.

पुढें कोरियांत युद्ध चालू असतां पोलादाचे कामगार पगारवाढीसाठीं संपावर जाण्याच्या बेतांत आले. सैनिक रणांगणावर, आणि तोफांचें पोलाद बंद! ८ एप्रिल १९५२ रोजीं ट्रूमन यांनीं देशांतील बहुतेक पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यांत घेण्याचा हुकूम सोडला. टाफ्ट-हार्टले कायद्याच्या आधारें संप ऐंशी दिवस थोपविण्याची सोय होती. तिचा आश्रय त्यांनीं केला नाहीं. कारखानदार न्यायालयांत गेले.

२ जून रोजीं सुप्रीम कोर्टानें सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल दिला कीं, असा अधिकार अध्यक्षास ना घटनेनें दिला आहे, ना काँग्रेसनें. कायदे करणें हें त्याचें काम नव्हे. संकटसमयीं अध्यक्षानें स्वस्थ बसूं नये, हें तिघां न्यायाधीशांचें मत अगदींच टाकाऊ होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण आम्हांस विशेष वाटतें तें निराळेंच. नऊ न्यायाधीशांपैकीं चौघे खुद्द ट्रूमन यांनीं नेमलेले होते, आणि त्यांतील दोघांनीं त्यांच्याविरुद्ध मत दिलें! न्यायाधीशास अध्यक्ष सेनेटच्या संमतीनें नेमतो. मात्र एकदां नेमल्यावर त्यास काढून टाकण्याची सत्ता अध्यक्षाच्या हातीं राहत नाहीं.

न्यायालयाजवळ ना फौज, ना तिजोरी. तरीही, निकाल मनास पटला नसतांही, ट्रूमन यांनीं त्याच दिवशीं कारखाने परत करण्याची आज्ञा केली. पगाराचा प्रश्न न्यायालयानें सोडविला नव्हता. लागलीच संप झाला, तो सात आठवड्यांहून अधिक चालला. आणि जुलैच्या अखेरीस ट्रूमन यांनीं उभय पक्षांस आपल्याकडे बोलावून घेतलें, तेव्हां तडजोड झाली.