कोळी : फडातला बिनपगारी राखणदार



उसाच्या फडात शिरताना तोंडावर जाळे आले, की आपला हात आधी काठीकडे जातो. म्हणून या प्राण्याची थोडी ओळख.

कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. तो उसाचे पान खात नाही. पाकोळी, तुडतुडे, पतंग खातो.

दोन मोठे कोळी लोकांना फार भिववतात. पहिला घरातला. बोईसरला पाहुण्यांकडे मुक्कामी असताना रात्री भिंतीवर तळहाताएवढा करडा कोळी निघाला. पोरं खाटेवर चढली, एकाने झाडू उचलला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "राहू दे रे, झुरळं खातोय तो." आजींचे खरे आहे. हा जाळे विणत नाही, धावून शिकार धरतो. मादी पोटाखाली अंड्यांची चपटी पांढरी पिशवी घेऊन फिरते.

दुसरा रानातला. पावसाळा सरताना पालघरकडच्या रानात झाडाझाडांमध्ये मीटरभर सोनेरी जाळी दिसतात. मधोमध बसते ती मादी, अंग दीड-दोन इंच; नर जेमतेम पाव इंच. हाताने दाबल्याशिवाय ती सहसा चावत नाही. चावलीच तर दुखते, सूज येते, इतकेच.

आता महत्त्वाचे. अंगावर फोड उठले की आपण म्हणतो, "कोळी मुतला." कोळी असे काही करीत नाही. पावसाळ्यात दिव्यावर येणारा नारिंगी-काळा बारीक किडा अंगावर चिरडला, की त्याच्या रसाने दुसऱ्या दिवशी कातडी भाजल्यासारखी होते. तो किडा फुंकून उडवावा. रस लागल्यास साबण-पाण्याने धुवावे. फोड अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने आले व आग होत असेल, तर ती नागीण असू शकते. चुना-लेप करीत बसू नये. तीन दिवसांच्या आत औषध सुरू झाले तर गुण चांगला येतो. डोळ्याजवळ असल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सभासदांनी एवढे करावे :

१) पाचट जाळू नये. जमिनीवर फिरणारे कोळी त्याच्या आडोशाला राहतात.
२) पाकोळी दिसली म्हणून लगेच फवारा मारू नये; औषधाने कोळीही मरतो. आधी गटाच्या चिटबॉयला फड दाखवावा.
३) तोडणीला पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. जाळे काठीने बाजूस सारावे, कोळी मारू नये.

ठाणे भागात सापडलेल्या एका छोट्या उडी मारणाऱ्या कोळ्याला २०२१ साली शास्त्रज्ञांनी हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले. ज्या प्राण्याला असा मान मिळतो, त्याला आपल्या बांधावर जागा द्यायला हरकत नसावी.

— ऊस विकास अधिकारी