‘कार्यालयात’ की ‘कार्यालयातील’?

‘चेक द रेकॉर्ड्स इन द ऑफिस’ या इंग्रजी वाक्याचे दोन अर्थ होतात. ‘इन द ऑफिस’ हा शब्दसमूह क्रियापदाशी जोडला, तर नोंदी कार्यालयातच तपासावयाच्या. नामाशी जोडला, तर कार्यालयातील नोंदी, मग त्या कोठेही तपासाव्यात. मराठीत ‘त’ आणि ‘तील’ यांनी हा भेद तत्काळ स्पष्ट होतो. इंग्रजीत शब्दयोगी अव्ययाचे रूप बदलत नाही. म्हणून भाषांतरापूर्वी आदेशाचा हेतू जाणून घेणे अगत्याचे आहे. अन्यथा दप्तर कार्यालयाबाहेर जाण्यास भाषांतरच निमित्त व्हावयाचे! सरकारी लेखनातील कर्मणी प्रयोगास पुष्कळजण नावे ठेवतात. पण येथे तोच उपयोगी पडतो. ‘द रेकॉर्ड्स इन द ऑफिस शुड बी चेक्ड’ म्हटल्यास संबंध नामाशी, ‘द रेकॉर्ड्स शुड बी चेक्ड इन द ऑफिस’ म्हटल्यास क्रियापदाशी.