यादी मागा, तीही सहीची

मी शिरपूरचा, धंदा फळांचा. हे जिथं घडलं त्या गावाचं नाव घेत नाही. लोटगाडी पुन्हा तिथंच लावायची आहे.

भरबाजारात अतिक्रमणवाले आले. नोटीस नाही, पंचनामा नाही. गाडी, कॅरेट, वजनकाटा, सगळं ट्रॅक्टरमध्ये. “भाऊ, वरतून ऑर्डर शे.” दाखवा म्हटलं तर हसले. मागच्या दुकानदाराचं पत्र्याचं शेड रस्त्यात आलेलं. तिकडे कोणी मान वळवली नाही.

पालिकेत बाबू म्हणाला, “तू अतिक्रमणधारक.” मी पिशवीतून कागद काढला. पीएम स्वनिधी योजनेच्या 10,000 रुपयांच्या कर्जासाठी याच कार्यालयानं मला पथविक्रेता म्हणून शिफारसपत्र दिलेलं. बँकेत धाडताना पथविक्रेता, गाडी उचलताना अतिक्रमण! बाबूनं पत्र वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही बघितली आणि म्हणाला, “साहेब मीटिंगमध्ये आहेत.” माल सुटला तेव्हा पपईला पाणी सुटलं होतं. पावतीवर कारण काय, तर ‘इतर’.

2014 चा पथविक्रेता कायदा आपल्या बाजूचा आहे. कलम 3 सांगतं, सर्वेक्षण होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. प्रमाणपत्र असेल तर कलम 18 ची 30 दिवसांची नोटीस. मुदत संपल्यावरच कलम 19 ची जप्ती, तीही मालाची यादी करून, सहीची प्रत हातात देऊन. शुल्क भरून माल मागितला की नाशवंत त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत.

‘त्याच दिवशी’ म्हणजे मागणी केली त्या दिवशी. म्हणून तोंडी विनवण्या करत बसू नका. अर्ज दोन प्रतींत, वर तारीख-वेळ, आपल्या प्रतीवर आवक शिक्का. यादी देत नसतील तर मोबाईल चालू ठेवा आणि कॅरेट मोठ्यानं मोजा. डोकं शांत ठेवा, एकी ठेवा. (माझा शेजारी गाडी घेऊन गल्लीत पळाला, असो.)

नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के पथविक्रेते हवेत, तेही निवडून आलेले, त्यात एकतृतीयांश महिला. तिथली समिती कधी बसली, असं विचारलं तर साहेब म्हणाले, माहिती अधिकारात अर्ज कर. केलाय, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. उत्तराला त्यांना 30 दिवस आहेत, आणि माझ्या प्रतीवर शिक्का आहे.