पाणी कधी फिरतं?

मालवणला स्नॉर्केलिंगला जायचं ठरलं की ओळखीचे लोक मला जागा विचारतात. किल्ल्यामागचे खडक बरे की तारकर्लीकडे जावं? मी उलट त्यांची तारीख विचारतो आणि कालनिर्णय उघडून त्या दिवशीची तिथी बघतो. कारण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा तोच खडक सकाळी दहाला वेगळा असतो आणि दुपारी दोनला वेगळा. हे मला पाण्यात असताना कळलं, आणि तेव्हा किनारा बराच लांब होता.

पौष पौर्णिमा होती. आमची होडी सकाळी नऊला सुटायची होती, पण नेणाऱ्याला आणखी गिऱ्हाइकं मिळेपर्यंत आम्ही जेटीवर बसून राहिलो. खडकांपाशी नांगर टाकला तेव्हा एक वाजून गेला होता. ऊन लख्ख होतं आणि पाणी वरून हिरवंनिळं दिसत होतं. मास्क आणि श्वासाची नळी लावून तोंड पाण्यात घातलं तर प्रवाळावर पट्ट्यापट्ट्यांचे मासे फिरत होते. पाण्यावर पालथं तरंगणाऱ्या माणसाला आपण वाहतोय हे अंगाला जाणवत नाही. आपण आणि पाणी एकाच वेगानं सरकत असतो, म्हणून खालचा तळच मागे जातोय असं वाटतं. मी एका माशामागे बघत राहिलो. डोकं वर काढलं तेव्हा होडी भलतीकडे दिसली, दोन खडकांच्या फटीच्या पलीकडे.

परत पोहायला लागलो. लाइफ जॅकेट घातलं की बुडत नाही हे खरं, पण ते पाण्याला अडतं, त्यामुळे हात कितीही मारले तरी वेग येत नाही. त्यात समुद्राकडून वारा सुरू झाला होता आणि आखूड, उभ्या लाटा उठत होत्या. एक लाट नळीवरून गेली आणि श्वासाबरोबर खारं पाणी आत आलं. खोकला, दम आणि पुन्हा लाट. शेवटी उताणा झालो आणि हात वर केला. तांडेलानं नांगर उचलून होडी वळवली. मला वर ओढून घेतल्यावर तो बाकीच्यांकडे बघून एवढंच म्हणाला, "पाणी फिरला हा. आता कोणी उतरू नकात."

त्या दुपारी पाण्यात काय चाललं होतं, हे नंतर कागदावर मांडलं. भरती-ओहोटीचं एक चक्र साधारण 12 तास 25 मिनिटांचं असतं, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कोकणपट्टीत यासाठी जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीचा तास मिळतो. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आम्ही उतरलो तेव्हा ओहोटी लागून दोन तास होत आले होते.

ओहोटी सहा तास चालते, पण पाणी सारख्या वेगानं उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी पुन्हा एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच जातं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मालवणकडे चढउतार दोन मीटरच्या आसपास असतो. त्यातलं मीटरभर पाणी साधारण सव्वा ते सव्वातीन या वेळात उतरणार होतं आणि दोन खडकांच्या अरुंद फटीत ते जास्तच जोरानं ओढणार होतं. ताशी एक सागरी मैल हा वेग कागदावर किरकोळ वाटतो, पण तो माणसाला मिनिटाला तीस मीटर नेतो. लाइफ जॅकेट घातलेला हौशी पोहणारा त्याविरुद्ध फार वेळ टिकत नाही.

वाऱ्याचा हिशेब वेगळा. सकाळी जमिनीकडून मतलई वारे असतात, पाणी सपाट राहतं. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात. बाहेर निघालेली ओहोटी आणि आत येणारा वारा समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. नळीत पाणी घालणाऱ्या लाटा त्याच.

आता तुम्ही जाणार असाल तर काय बघावं?

पहिली तिथी. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत ओढ सर्वाधिक असते, पण सकाळी साडेनऊ ते अकरा हा काळ उत्तम मिळतो: चढत्या पाण्याची अखेर, वारा पडलेला, सूर्य वर आलेला. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा चढउतार थोडा आणि ओढही कमी, म्हणून नवख्यांनी हे दिवस धरावेत. मात्र अष्टमीला भरती सहाला होऊन जाते, त्यामुळे सकाळभर पाणी उतरतं असतं. चतुर्थी-पंचमीला ते सकाळी नऊ-पावणेदहापासून चढायला लागतं. पाऊणपटीचा ठोकताळा अर्ध्या-पाऊण तासानं चुकू शकतो, म्हणून त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकही बघावं. अंदमानला जाताना हा ठोकताळा घरीच ठेवावा आणि तिथलंच कोष्टक घ्यावं.

दुसरी गोष्ट पाण्याचा निवळपणा. चढतं पाणी बाहेरच्या समुद्राचं असतं, उतरतं पाणी खाडीचं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला तिच्या मुखातून गाळ घेऊन पाणी बाहेर पडतं आणि आसपास सगळं गढूळ होतं. त्या मुखाजवळ ओहोटीत उतरूच नये. अवकाळी पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस थांबावं. नदीचं गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं तिथे काचेवर तेल फिरवल्यासारखं धूसर दिसतं आणि मास्क कितीही पुसला तरी ते जात नाही. पाण्यात तोंड घातल्यावर चार-पाच हातांवरचा जोडीदार नीट दिसत नसेल तर बाहेर यावं. पण पाणी निवळ आहे म्हणजे ते शांत आहे, असं समजू नये. आमच्या त्या दुपारी तळाची वाळूसुद्धा दिसत होती.

पूर्ण ओहोटीला वेगळा धोका. खडकांवर पाणी कंबरेएवढंच उरतं, लाट उचलते आणि खाली आपटते. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात, सागरी साळिंदराचे काटे पायात मोडतात. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं ते इथल्या जिवांसाठी. प्रवाळावर पाय ठेवून दम खाऊ नये. त्याची वाढ अतिशय संथ असते आणि आपलं वजन त्याला सोसत नाही.

उतरण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा. बोयाचा दोर तिरका ताणलेला आहे का? नारळाची शेंडी किंवा पान पाण्यावर टाका आणि ते कुठे जातं ते पाहा. निघताना ओढीच्या विरुद्ध दिशेनं जा, म्हणजे दमल्यावर पाणीच तुम्हाला होडीकडे आणेल. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, समजा किल्ल्याचा बुरूज आणि त्यामागचा एखादा माड. मच्छीमार आपली जागा अशाच खुणांवरून ओळखतात. मिनिटा-दीड मिनिटाला डोकं वर काढून रेषा तुटली का ते बघा. तुटली असेल तर तुम्ही सरकला आहात.

तरीही ओढीत सापडलात तर तिच्याविरुद्ध पोहू नका. उताणे व्हा, नळी काढा, श्वास सावरा, एक हात वर करा. पोहता येत असेल तर ओढीला आडवं पोहा. शिट्टी लाइफ जॅकेटला बांधलेली हवी, होडीत ठेवलेल्या पिशवीत तिचा उपयोग नाही. दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक खबरदारी हवी. वारा नसतानाही दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या लांब लाटा आपल्या किनाऱ्यावर येतात आणि खडकांपाशी अचानक उंच होतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था अशा उंच लाटांचे इशारे देते. निघण्याच्या आदल्या रात्री ते बघावेत.

होडीवाल्याशी भाव ठरवण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. आज पाणी कधी फिरतं? आम्ही पाण्यात असताना होडी तिथेच थांबणार का? एका गाइडबरोबर किती जण? दर्यावर वाढलेला माणूस पहिल्या प्रश्नाला घड्याळ न बघता उत्तर देतो. जो "काय होत नाही साहेब" म्हणतो, त्याच्या होडीत चढू नका. उशीर होऊन ठरलेली वेळ टळली, तर दिलेले पैसे सोडून द्या, किल्ला बघा आणि दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरानं येणारी भरती गाठा.